एकच जंतू, बाटलीतला आणि पोटातला

रसिका_मायक्रो | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी एमएस्सीच्या मुलांना मायक्रोबायोलॉजी शिकवते. गेल्या आठवड्यात पटकी, म्हणजे कॉलरा, शिकवताना जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ मॅक्स फॉन पेटेनकोफर यांची गोष्ट सांगितली. म्युनिक, ७ ऑक्टोबर १८९२. वय ७३. पटकी केवळ जंतूमुळे होते हे रॉबर्ट कॉख यांचं म्हणणं त्यांना पटत नव्हतं. पोटातलं आम्ल मारण्यासाठी सोडा घेतला आणि पटकीच्या जंतूंचं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेले जंतू, ते सरळ प्यायले. थोडे जुलाब झाले, त्यावरच निभावलं. दहा दिवसांनी त्यांचे सहायक एमरिख यांनी तोच प्रयोग केला. त्यांना त्रास बराच जास्त झाला, पण तेही वाचले.

वर्गात नेहमी शांत बसणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, ते कल्चर कशात वाढवलं होतं, किती वेळा वाढवलं होतं, हे कुणी बघितलं का?"

तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये. आपण बाटलीवर 'रोगकारक' अशी चिठ्ठी लावतो आणि जणू रोग त्या जंतूच्या अंगातच कायमचा मुरलेला आहे असं शिकवतो. मला आता वाटतं की हे शिकवणं अर्धवट आहे. जंतू कुठे, कशात, किती उष्णतेत वाढला यावर तो पोटात गेल्यावर काय करणार हे ठरतं. तुमचे अनुभव सांगा. लॅबमधले, हॉस्पिटलमधले, घरातले, सगळे चालतील.

बाळासाहेब७१ | सोमवार, रात्री १०:०५

मी शास्त्राचा माणूस नाही, शेतकरी आहे. माझी आजी सांगायची, पटकी आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचे आणि पुढच्या गावाने तो आणखी पुढे ढकलायचा. एका घरात सुरू झालं की दोन-तीन दिवसांत आळी रिकामी व्हायची. मग त्या साहेबाने वाटीभर जंतू पिऊन काहीच कसं झालं नाही? तुमच्या त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

सूक्ष्मदर्शी | सोमवार, रात्री ११:१२

रसिकाताई, विषय फार चांगला काढलात. पण दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळू नयेत. जंतू रोगाचं हत्यार कायमचं गमावतो ती एक. आणि हत्यार घरातच आहे पण कपाटात बंद आहे, ती दुसरी.

दोन्ही एकाच जंतूत बघायच्या तर शिगेला घ्या, रक्ती आव करणारा. आतड्याच्या पेशीत घुसण्याची त्याची बहुतेक सगळी यंत्रणा एका मोठ्या प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य डीएनएपासून सुट्या अशा डीएनएच्या कड्यावर, असते. १९८४ साली मॉरेली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ३७ अंशांवर वाढवलेला शिगेला पेशीत घुसतो, ३० अंशांवर वाढवलेला घुसत नाही. त्याच ३० वाल्याला दोनेक तास ३७ वर ठेवलं की पुन्हा घुसायला लागतो. जनुकं तीच, फक्त कपाट उघडलं. कारणही आता कळलंय. थंड असताना व्हिरएफ या मुख्य जनुकाच्या अलीकडचा डीएनए वाकलेला असतो आणि एच-एनएस नावाचं प्रथिन त्याला दोन्हीकडून धरून ठेवतं. साधारण ३२ अंशांच्या वर तो बाक सैल होतो आणि पकड सुटते.

आता कायमचं गमावणं. ही यंत्रणा चालवणं जंतूला महाग पडतं. लॅबमध्ये आयतं खाद्य मिळतंय, घुसायला पेशी नाही, तर ज्याचं प्लाझ्मिड गळलं तो भराभर वाढतो आणि बाकीच्यांना मागे टाकतो. काँगो रेड नावाचा रंग घातलेल्या प्लेटवर हे डोळ्यांनी दिसतं. प्लाझ्मिड शाबूत असलेल्या कॉलनी लाल, गळलेल्या पांढऱ्या. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी तीन महिने पांढऱ्या कॉलनीवर काम केलं. एकही पेशी संसर्गित होईना. मला वाटायचं माझा हात वाईट आहे. शेवटी एका सिनियर ताईने प्लेट खिडकीशी धरून दाखवली, तेव्हा रडू आलं होतं.

शंकेखोर | मंगळवार, सकाळी ८:२०

म्हणजे सोपंच आहे की. ३७ अंश म्हणजे माणसाचं शरीर. जंतूला उष्णता कळली की तो ओळखतो, 'पोहोचलो', आणि हत्यार काढतो. अन्नातून येणाऱ्या लिस्टेरिया या जंतूचंही असंच वाचलंय. त्याच्या पीआरएफ-ए या जनुकाचा आरएनए ३० अंशांखाली घडी घालून बसतो आणि ३७ ला उलगडतो. हाच नियम सगळ्यांना लावला की झालं.

आनंदी_बोस्टन | मंगळवार, सकाळी ९:०२

शंकेखोर, इथे मात्र मी ठाम विरोध करणार. सहा वर्षं पटकीच्या जंतूबरोबर काढली आहेत आणि हा नियम त्याने माझ्यासमोर मोडला आहे.

पटकीचे दोन जुने-नवे प्रकार आहेत, क्लासिकल आणि एल टॉर. १९६१ पासून सुरू असलेली सातवी जागतिक साथ एल टॉरची. क्लासिकलला भरपूर विष बनवायला लावायचं असेल तर लॅबमध्ये एलबी ब्रॉथ (जंतू वाढवायचं पातळ खाद्य), पीएच ६.५ आणि तापमान ३० अंश ठेवतात. हो, ३०. त्यालाच पीएच ८.५ आणि ३७ अंश दिले तर विष जवळपास थांबतं. शरीराचं तापमान दिलं आणि हत्यार म्यान!

एल टॉरची तऱ्हा आणखी वेगळी. साध्या ब्रॉथमध्ये हलवत वाढवला तर तो विष इतकं कमी बनवतो की मोजायला पंचाईत. १९८० च्या दशकात जपानी संशोधकांनी त्यावर एक कृती बसवली. तिला अकी म्हणतात. माध्यमात बायकार्बोनेट घालायचं, ३७ अंशांवर आधी चार तास नळी अजिबात न हलवता ठेवायची, मग फ्लास्कमध्ये ओतून रात्रभर शेकरवर. पहिल्या दिवशी मला ही कृती देवपूजेसारखी वाटली होती, एक पायरी चुकली की प्रसन्न नाही. पुढे त्यातली एक एक पायरी का आहे ते उलगडत गेलं. न हलवलेल्या नळीत प्राणवायू कमी पडतो, तसाच तो आतड्यातही कमी असतो. आणि बायकार्बोनेट आपलं लहान आतडं स्वतःच सोडत असतं.

विषाचं जनुक चालू करणारा मुकादम म्हणजे टॉक्स-टी नावाचं प्रथिन. बायकार्बोनेट त्याला जोर देतं. ओलेइक आम्लासारखी पित्तातली असंपृक्त मेदाम्लं त्याला दाबून ठेवतात. आता आतड्याचं चित्र डोळ्यांपुढे आणा. मधल्या पोकळीत, जिथून अन्न वाहतं, तिथे मेदाम्लं भरपूर, म्हणून जंतू गप्प. शेंबड्या थरातून पोहत भिंतीशी आला की मेदाम्लं विरळ आणि बायकार्बोनेट दाट. तिथे हत्यार निघतं. नुसती उष्णता मोजून त्याचं भागत नाही, तो घराचा कोपरान् कोपरा हुंगत येतो.

शंकेखोर | मंगळवार, सकाळी ९:३०

मान्य. माझा नियम मागे घेतो. पण मग ३० अंशांवर विष जास्त का, ते सांगा ना.

आनंदी_बोस्टन | मंगळवार, सकाळी ९:४१

कारण ३० अंश आणि पीएच ६.५ ही आतड्याची नक्कल नाहीच. लॅबच्या ब्रॉथमध्ये आतड्यातल्या दहा खुणांपैकी दोन-तीनच असतात. बाकीच्या नसताना नुसती उष्णता दिली तर उलटा निकाल येतो. आतड्यात ३७ अंशांवरच तो विष बनवतो, पण तिथे उरलेल्या खुणाही हजर असतात. म्हणून अमुक तापमानाला विष एवढं, असं सुटं वाक्य लिहू नये. माध्यम, पीएच, हलवणं, सगळं सोबत लिहावं.

परळकर | मंगळवार, दुपारी १:१५

हा धागा वाचून राहवलं नाही. आमच्या परळचा या विषयाशी जुना संबंध आहे.

वाल्डेमार हाफकिन यांनी १८९२ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पटकीची लस केली, ती मुळात वाढवण्याच्या परिस्थितीवरच उभी होती. एक जंतू ३९ अंशांवर सतत हवा खेळवत वाढवून मंद केलेला. दुसरा गिनीपिगच्या पोटाच्या पोकळीतून पुन्हा पुन्हा नेऊन उग्र केलेला. आधी मंद टोचायचा, काही दिवसांनी उग्र. जुलै १८९२ मध्ये पहिली लस त्यांनी स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ ला ते कलकत्त्याला आले, पुढे प्लेगसाठी मुंबईला. त्यांच्या परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचं नाव मिळालं. माझे वडील त्या आवारात नोकरीला होते. लहानपणी तिथल्या घोड्यांसाठी मी घरून गाजरं नेत असे.

दुसरी गोष्ट मला जास्त जवळची. कॉख यांनी १८८४ मध्येच म्हटलं होतं की पटकीचा जंतू विष सोडत असावा. ते सिद्ध व्हायला १९५९ उजाडलं, ७५ वर्षं! कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जंतूविरहित गाळीव द्रव सोडला आणि तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेतून दत्त, पानसे आणि कुलकर्णी यांनी सशाच्या पिल्लांना जंतूंचा अर्क देऊन जुलाब होतात हे प्रसिद्ध केलं. सशाच्या पिल्लांची ही पद्धत दत्त यांनी १९५५ मध्येच बसवली होती. डे यांचं नाव नोबेलसाठी नोबेलविजेते शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी सुचवलं होतं. ते मिळालं नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत डे दोन ओळींत येतात आणि मुंबईचे तिघे येतच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इतकी वर्षं का लागली? लोक जंतू कातडीखाली टोचत होते, पोटाच्या पोकळीत टोचत होते. आतड्यात कुणी बघेना. रसिकाताई, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न इथेही लागू पडतो. जंतू कशात वाढवला हे जसं बघायचं, तसं त्याला नेऊन कुठे ठेवला हेही बघायचं.

मावशीचा_डबा | मंगळवार, दुपारी ३:५०

इतकं शिकलेली मंडळी जमलीच आहात तर घरातला प्रश्न विचारते. रात्रीचा भात ओट्यावर राहिला, सकाळी कडकडीत फोडणी दिली, तरी मुलाला दोन तासांत उलट्या झाल्या. गरम केल्यावर जंतू मरतात ना?

लॅबवाली_काकू | मंगळवार, संध्याकाळी ५:३०

मावशी, जंतू मरतात, पण काहींनी आधीच बनवून ठेवलेलं विष मरत नाही. तुमच्या मुलाला नेमकं कशाने झालं ते इथून सांगता येणार नाही, पण भातात घडतं ते असं. तांदळात बॅसिलस सिरियसचे बीजाणू असतात आणि ते शिजवण्यातून तगतात. भात कोमट राहिला की त्यांना जाग येते, वाढतात आणि उलट्या करणारं विष भातातच तयार करतात. ते उकळलं तरी टिकतं, मग फोडणीने काय होणार? हाच भात निवल्यावर लगेच फ्रिजमध्ये गेला तर बीजाणू असूनही विष बनत नाही. बघा, रसिकाताईंचा विषय तुमच्या ओट्यावरच आहे. शिळा भात खायला माझी ना नाही, मलाही फोडणीचा भात जीव की प्राण आहे. फक्त त्याची रात्र फ्रिजमध्ये जाऊ द्या.

आता माझा अनुभव. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये २६ वर्षं झाली. रुग्णाच्या रक्तातून टायफॉइडचा जंतू ताजा निघाला की कधी कधी ओ सीरमशी, म्हणजे तो जंतू ओळखायच्या द्रवाशी, गुठळ्याच धरत नाही. नवीन मुली घाबरतात, म्हणतात काकू, हा टायफॉइड नाहीच. मी म्हणते, उकळा त्याला. उकळून पुन्हा लावला की झकास गुठळ्या. कारण त्याने अंगावर व्हीआय नावाचं पांघरूण घेतलेलं असतं आणि ते खालचं सगळं झाकतं. उकळलं की निघून जातं. गंमत अशी की तोच जंतू लॅबमध्ये वारंवार सबकल्चर केला, म्हणजे एका प्लेटवरून दुसरीवर वाढवत नेला, तर हे पांघरूण हरवूही शकतो.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

काकू, किती सुंदर उदाहरण! त्यात एक भर. हे पांघरूण तो खारटपणा बघून घेतो. आतड्याच्या पोकळीत क्षारांचं प्रमाण जास्त, तिथे व्हीआय बंद आणि पेशीत घुसण्याची यंत्रणा चालू. आत गेल्यावर, रक्तात, क्षार कमी आणि पांघरूण वर. घुसताना पांघरूण आड येतं, लपताना उपयोगी पडतं. त्याच कुळातल्या साल्मोनेला टायफिम्युरियमला लॅबमध्ये घुसखोर बनवायचं असेल तर आम्ही जास्त मिठाच्या ब्रॉथमध्ये, न हलवता वाढवतो. पेशीच्या आतल्या वागण्याचा अभ्यास करायचा तर उलट, आम्लधर्मी आणि मॅग्नेशियम कमी असलेलं माध्यम घेतो.

अवकाशवेडा | मंगळवार, रात्री ८:४५

टायफिम्युरियमचं नाव निघालं म्हणून लिहितो. सप्टेंबर २००६ मध्ये अटलांटिस यानातून, एसटीएस-११५ मोहिमेत, हा जंतू अवकाशात नेऊन वाढवला होता. तसंच कल्चर जमिनीवरही वाढवलं. यान परतल्यावर दोन्ही उंदरांना दिले, तर अवकाशातला जास्त घातक निघाला. १६७ जनुकांचं काम बदललेलं होतं आणि त्यामागे एचएफक्यू नावाच्या प्रथिनाचा हात दिसला. वजनरहित अवस्थेत द्रव जंतूच्या अंगावरून फार हळू सरकतो, जवळपास आतड्याच्या केसाळ भिंतीच्या खोबणीत असतो तसा. वाचल्यापासून मी भारावून गेलोय.

शंकेखोर | मंगळवार, रात्री ९:१५

भारावण्याआधी आकडा बघू. मारक मात्रेत फरक तीन पटींच्या आतला होता. जीवशास्त्रात तीन पट म्हणजे फार नव्हे.

अवकाशवेडा | मंगळवार, रात्री ९:३३

आकडा बरोबर आहे. पण २००८ च्या मोहिमेत पुन्हा केलं तेव्हा परिणाम पुन्हा दिसला आणि माध्यमात फॉस्फेटसारखे क्षार वाढवले तर तो दबला. म्हणजे गुरुत्वाइतकंच बाटलीतलं मीठही बोलतं. मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

वैद्य_कोकणकडा | बुधवार, सकाळी ७:००

ओपीडी सुरू व्हायच्या आधी एकच गोष्ट, कारण ती लोकांपर्यंत जायला हवी. परिस्थिती बदलणारे आपणही असतो. ई. कोलाय ओ१५७ सारखे काही जंतू शिगा विष बनवतात. त्या विषाचं जनुक जंतूच्या आत झोपलेल्या विषाणूवर असतं. काही प्रतिजैविकांनी जंतूच्या डीएनएला इजा झाली की तो विषाणू जागा होतो आणि विष उलट वाढतं, मूत्रपिंडं धोक्यात येतात. म्हणून जुलाबात रक्त दिसलं तर दुकानातून आपल्या मनाने गोळी घेऊ नका. ओआरएस सुरू करा आणि डॉक्टरकडे या. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्याही नकोत. शिगेलाला प्रतिजैविक लागू शकतं, पण कुठलं आणि कधी ते तपासून ठरवू द्या.

बाळासाहेब७१ | बुधवार, दुपारी १२:२०

सगळं वाचलं, बरंच कळलं. पण माझा पहिला प्रश्न तसाच राहिला. दोन-तीन दिवसांत आळी रिकामी का व्हायची?

आनंदी_बोस्टन | बुधवार, संध्याकाळी ७:०५

काका, माफ करा, माझ्याकडूनच उत्तर यायला हवं होतं.

२००२ मध्ये ढाक्याच्या रुग्णांच्या जुलाबातून थेट घेतलेले पटकीचे जंतू आणि लॅबमध्ये वाढवलेले जंतू एकत्र करून उंदराच्या पिल्लांना दिले. रुग्णातून आलेल्यांनी लॅबवाल्यांना ७०० पटींपर्यंत मागे टाकलं. तळ्याच्या पाण्यात सोडल्यावरही ही ताकद काही काळ टिकली. आश्चर्य म्हणजे बाहेर पडताना विषाची जनुकं जोरात चालू नव्हती. दिशा ओळखून पोहण्याची काही जनुकं मात्र मंदावलेली होती आणि त्यामुळे तो आतड्यात उलट सहज वसतो. म्हणजे माणसाच्या पोटातून नुकताच बाहेर आलेला जंतू पुढच्या माणसासाठी तयारच असतो. आजींच्या आळीत एकाच आडाचं पाणी असणार. पहिल्याच्या पोटातून आडात आणि काही तासांत दुसऱ्याच्या पोटात. ती ताकद मावळायला वेळच मिळत नसे.

बाळासाहेब७१ | बुधवार, संध्याकाळी ७:२५

आडच होता. एकच. आजीची दोन भावंडं त्या पटकीत गेली. ती शेवटपर्यंत मरीआईचा कोप म्हणत राहिली. तिला हे कुणीतरी सांगायला हवं होतं. धन्यवाद, ताई.

रसिका_मायक्रो | बुधवार, रात्री १०:१०

काका, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

पेटेनकोफरकडे परत येते. त्यांच्या हाती आलेलं कल्चर लॅबमध्ये वाढता वाढता मंदावलेलं असावं असा तर्क अनेकांनी केलाय. पण त्यांना १८५४ मध्ये पटकी होऊनही गेली होती, हे विसरता येत नाही. एका माणसाच्या एका घोटावरून दोन्हीत निवाडा होणार नाही. सोडा मात्र त्यांनी अगदी बरोबर घेतला होता. १९७० च्या सुमारास अमेरिकेत स्वयंसेवकांवर चाचण्या झाल्या तेव्हा सोड्याविना जुलाब व्हायला दहा कोटींच्या घरात जंतू लागले, सोड्याबरोबर दहा लाख पुरले.

आजपासून आमच्या कल्चर रजिस्टरमध्ये तीन रकाने वाढवले आहेत: माध्यम, तापमान आणि कितवं सबकल्चर. आता अडचण अशी की मुलांना हे डोळ्यांनी दाखवायचंय. शिगेला आमच्या लॅबमध्ये नाही आणि आणणारही नाही. काय करू?

लॅबवाली_काकू | बुधवार, रात्री १०:४०

सेराशिया मार्सेसेन्स हा जंतू घ्या, कॉलेजांत असतोच. हातमोजे आणि नेहमीची काळजी घ्या, तोही अगदी निरुपद्रवी नाही. एकाच कॉलनीतून दोन प्लेट काढा. एक बाहेर, २८ अंशांच्या आसपास, दुसरी ३७ च्या इन्क्युबेटरमध्ये. बाहेरची लालभडक येईल, आतली पांढरी. तो रंग म्हणजे रोग नव्हे, हे मुलांना आधी सांगा. मग ३७ वरच्या पांढऱ्यातली कॉलनी उचलून नव्या प्लेटवर बाहेर वाढवा.

रसिका_मायक्रो | शनिवार, दुपारी ४:१५

केलं, काकू. काल दोन प्लेट शेजारी ठेवल्या तर अर्धा वर्ग म्हणाला, हे दोन वेगळे जंतू आहेत, नाहीतर पांढऱ्याने जनुक गमावलं. सूक्ष्मदर्शी, तुमचं कपाट मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीनेच पांढरी कॉलनी उचलून नवी प्लेट रेखली आणि खिडकीपाशी ठेवली. आज सुट्टी असूनही सातजण बघायला आले होते. लाल आली आहे.